ई-स्पोर्ट्सच्या सामन्याला 'भाव' कसा फुटतो? पॉलीमार्केट, काल्शी आणि बंद पडलेलं प्रोबो

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि त्याच आठवड्यात 'प्रोबो' या ॲपने पैशांचे खेळ थांबवले. पण एखादी गोष्ट घडेल, 'हो की नाही' यावर दहा-दहा रुपयांचे सौदे लावायची सवय आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच पोट्ट्यांना तोवर लागून गेली होती. ॲप गेलं, सवय राहिली. आता पानठेल्यावर बसल्या बसल्या त्यांच्या टेलिग्रामवर पॉलीमार्केट, काल्शी अशी परदेशी नावं दिसतात. क्रिकेटच्या जोडीला काउंटर-स्ट्राइक, डोटा, व्हॅलोरंट या गेमच्या सामन्यांचे भावही फिरतात. हटकलं तर उत्तर तयार असतं, "काका, हा सट्टा थोडी हाये, हे तं मार्केट हाये. शेअरसारखं."

या उत्तरात काही अंशी तथ्य आहे, म्हणून ते एका वाक्यात झटकून टाकता येत नाही. हे बाजार चालतात कसे आणि एकमेकांपेक्षा वेगळे कुठे, ते आधी पाहू. मग बुलढाणा, यवतमाळ किंवा गोंदियाच्या एखाद्या गावात बसलेल्या माणसाच्या हाती यातून काय लागतं, ते बोलू.

ई-स्पोर्ट्स: दोन मिनिटांत

व्हिडिओ गेमच्या संघांमध्ये होणाऱ्या, नियम-पंच-बक्षीस असलेल्या स्पर्धा म्हणजे ई-स्पोर्ट्स. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं होती. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना क्रीडा खात्याखाली जागा दिली. त्यामुळे घरातलं पोरगं स्पर्धेत खेळत असेल, तर ते बेकायदा काही करत नाही. आई-बापांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

पुढच्या हिशेबासाठी एक फरक माहीत असावा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये पाच विरुद्ध पाच खेळतात. जो संघ आधी १३ फेऱ्या जिंकतो, तो एक 'मॅप' जिंकतो, आणि मोठे सामने बहुधा तीनपैकी दोन मॅपचे असतात. आपल्याकडे गावोगावी खेळल्या जाणाऱ्या बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमच्या स्पर्धांचा थाट वेगळा. तिथे साधारण चौघा-चौघांचे सोळा संघ एकाच मैदानात उतरतात आणि अनेक सामन्यांचे गुण जोडून विजेता ठरतो.

शंकरपटाची चिठ्ठी

समजा, तळेगाव दशासरच्या पटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, दोन जोड्या सुटणार आहेत. पटावर पैसे लावणं कायद्यात बसत नाही, हे फक्त समजण्यापुरतं. कोणीतरी चिठ्ठी काढली: 'उजवी जोडी जिंकली तर चिठ्ठी आणणाऱ्याला १०० रुपये, हरली तर काही नाही.' ही चिठ्ठी किती रुपयांना घ्याल? जोडी नक्की जिंकणार असं वाटत असेल तर ९५ लाही घ्याल. काहीच अंदाज नसेल तर ५० च्या आसपास. गर्दीत घेणारे-विकणारे बोलत बोलत ६२ वर थांबले, तर गर्दीच्या मते उजव्या जोडीची जिंकण्याची शक्यता साधारण ६२ टक्के. डाव्या जोडीची चिठ्ठी तेव्हा ३८ च्या जवळपास असणार, कारण दोन्ही चिठ्ठ्या हातात असल्या की १०० रुपये पक्के. मधेच उजवीकडचा एक बैल लंगडताना दिसला की भाव धाडकन ४० वर येईल. तो दिसायच्या आत ज्याने चिठ्ठी विकली, तो वाचला.

अशा चिठ्ठ्यांचा ऑनलाइन बाजार म्हणजे प्रेडिक्शन मार्केट. पॉलीमार्केट आणि काल्शीवर चिठ्ठी एका डॉलरची असते, प्रोबोवर ती दहा रुपयांची होती. कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये निवडणुकीवर असा छोटा बाजार अभ्यासासाठी चालवला होता.

बुकीपेक्षा हे वेगळं कसं?

बुकी स्वतः तुमच्या समोर बसलेला असतो. तुम्ही हरलात तर पैसा त्याचा. बरोबरीच्या दोन संघांवर तो १.८५ आणि १.८५ असा भाव देतो, म्हणजे १०० लावा आणि जिंकलात तर १८५ न्या. खऱ्या बरोबरीला २०० मिळायला हवे होते. दोन्ही भावांचे टक्के काढून जोडले तर १०८ होतात. वरचे आठ ही त्याची कमाई, आणि ती तुम्हाला कुठेही वेगळी छापलेली दिसत नाही.

प्रेडिक्शन मार्केटमध्ये तुमच्या समोर दुसरा ग्राहक असतो. कंपनी दोघांना भेटवते आणि दलाली घेते. तुम्ही जिंकलात म्हणून तिच्या पोटात दुखत नाही. सारखा जिंकणाऱ्याला बुकी हाकलून देतो, इथे तसं करायची गरज पडत नाही. पोट्ट्यांच्या म्हणण्यातला खरा भाग तो हाच.

प्रश्न असा की तो दुसरा ग्राहक कोण? बहुतेक वेळा तो दारव्ह्याचा किंवा मोर्शीचा पोरगा नसतो. दोन्ही बाजूंचे भाव सतत लावून ठेवणाऱ्या व्यावसायिक मंडळींचा संगणकी प्रोग्राम तिथे बसलेला असतो. त्याला झोप नाही, चिडणं नाही, आणि काल गेलेले पैसे आज भरून काढायची घाई तर मुळीच नाही.

तिघांची कुळं

पॉलीमार्केट २०२० मध्ये शेन कोप्लन या तरुणाने न्यूयॉर्कमध्ये सुरू केलं. त्याच्या मूळ, जगभर पसरलेल्या बाजारात व्यवहार क्रिप्टोत होतात. डॉलरशी भाव बांधलेलं यूएसडीसी नावाचं नाणं लागतं, आणि ते ठेवायला वॉलेट. परवान्याशिवाय असे सौदे चालवल्याबद्दल अमेरिकेच्या वायदे नियामकाने, म्हणजे सीएफटीसीने, जानेवारी २०२२ मध्ये त्याला १४ लाख डॉलरचा दंड केला आणि अमेरिकी ग्राहकांसाठी दार बंद करायला लावलं. पुढे २०२५ मध्ये परवाना असलेली एक कंपनी विकत घेऊन पॉलीमार्केटने परतीची वाट काढली. त्याच वर्षी न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या मालक कंपनीने त्यात २ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली.

काल्शीचं कूळ उलटं. २०१८ मध्ये तारेक मन्सूर आणि लुआना लोपेस लारा यांनी ती उभी केली, आधी परवाना मागितला, तो नोव्हेंबर २०२० मध्ये मिळाला, आणि मग दुकान उघडलं. खेळांचे सौदे तिथे जानेवारी २०२५ पासून आले. म्हणून वाद मिटला असं नाही. नेवाडा, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांचं म्हणणं, ही परवाना चुकवून चालवलेली बेटिंगच आहे. ती भांडणं कोर्टात गेली. थोडक्यात, अमेरिकेतही 'मार्केट की सट्टा' यावर एकमत नाही. टेलिग्रामवाल्या दादाचं मात्र झालं आहे.

प्रोबो गुरुग्रामची कंपनी, आणि धंद्याचं नाव 'ओपिनियन ट्रेडिंग'. तिचं बलस्थान सोपेपणा होतं: यूपीआयने पैसे भरा आणि दहा रुपयांच्या आत सौदा करा. जुलै २०२५ मध्ये ईडीने तिच्यावर छापे टाकले, ऑगस्टमध्ये कायदा आला.

निकाल कोण देतं?

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तुलना आहे, आणि जाहिरातीत ती कधीच नसते. 'सामना कोण जिंकला हे तर सगळ्यांनाच दिसतं' असं वाटतं ना? बघा मग. सामना अर्ध्यात तांत्रिक कारणाने थांबला आणि आठवड्याने पुन्हा खेळवला तर? एका संघाचा खेळाडू व्हिसा न मिळाल्याने आला नाही आणि बदली खेळाडू बसवला तर? जिंकलेला संघ नंतर फसवणुकीसाठी बाद ठरला तर? ई-स्पोर्ट्समध्ये या गोष्टी नेहमीच्या आहेत.

काल्शीवर प्रत्येक सौद्याची नियमावली आधी लिहिलेली असते, निकाल कुठून घ्यायचा ते ठरलेलं असतं आणि निर्णय कंपनी देते. तक्रार करायला वर नियामक आहे. पॉलीमार्केटच्या क्रिप्टो बाजारात बहुतेक सौद्यांचा निकाल यूएमए नावाच्या यंत्रणेतून येतो. कोणीतरी अनामत ठेवून 'निकाल हा' असं सुचवतं. ठरलेल्या वेळात, सहसा दोन तासांत, कोणी हरकत घेतली नाही तर तोच पक्का. हरकती आल्या तर यूएमएची नाणी ज्यांच्याकडे आहेत ते मत देतात. ज्याच्याकडे जास्त नाणी, त्याच्या मताला जास्त वजन.

याचं टोक २०२५ च्या उन्हाळ्यात दिसलं. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जुलैच्या आत सूट घालतील का, यावर सौदा होता. जूनच्या अखेरीस नाटोच्या बैठकीला ते काळ्या जाकिटात आले, अनेक वृत्तसंस्थांनी त्याला सूट म्हटलं, तरी बाजाराचा शेवटचा निकाल 'नाही' असा लागला. उलाढाल २० कोटी डॉलरच्या वर होती. डोळ्यांना दिसणाऱ्या कपड्यावर एवढं भांडण होत असेल, तर कुठल्याशा छोट्या स्पर्धेतल्या अर्धवट सुटलेल्या मॅपचं काय होईल? म्हणून अशा बाजारांचा अभ्यास करणारा माणूस भावाआधी सौद्याच्या खालचा बारीक मजकूर वाचतो. सामना रद्द झाला तर अनेक सौदे 'अर्धे-अर्धे' सुटतात. म्हणजे ८० ची चिठ्ठी घेतलेल्याच्या हातात ५० येतात, तेही कोणी हरलेलं नसताना.

स्क्रीनवरचा भाव हातात पडत नाही

'६२' हा आकडा बहुतेक वेळा मधला असतो. विकत घ्यायला जाल तर ६४ द्यावे लागतात, विकायला जाल तर ५९ मिळतात. हा मधला खड्डा मोठ्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शंभरामागे एखाद्या रुपयाचा असतो, कारण घेणारे-विकणारे भरपूर. दुय्यम स्पर्धेच्या पहिल्या फेरीत तो दहा रुपयांचाही असू शकतो. अशा सामन्यात तुम्ही थोडी मोठी रक्कम लावली तर भाव तुमच्याच रेट्याने वर जातो आणि शेवटची चिठ्ठी सगळ्यात महाग पडते.

वरून शुल्क. काल्शीचं सर्वसाधारण सूत्र असं: ०.०७ गुणिले भाव गुणिले एकातून भाव वजा. ५० सेंटच्या चिठ्ठीवर ते पावणेदोन सेंट होतं, म्हणजे लावलेल्या पैशाच्या साडेतीन टक्के. ९० सेंटच्या चिठ्ठीवर जेमतेम पाऊण टक्का. अटीतटीचा सामना जितका, तितकी दलाली जास्त. पॉलीमार्केटने बराच काळ व्यवहारावर शुल्क घेतलं नाही, पण रुपयाचं क्रिप्टो आणि क्रिप्टोचा रुपया करताना जे झडतं ते 'शून्य शुल्क' या पाटीखाली दिसत नाही. आपल्याकडे २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

"पण मला गेम कळतो ना"

कळत असेल. तरी तीन गोष्टी आड येतात.

पहिली, योगायोग. तुमचा आवडता संघ प्रत्येक मॅपला ६० टक्के वेळा जिंकतो असं धरू. एकाच मॅपचा सामना असेल तर त्याची शक्यता ६०. तीनपैकी दोनचा असेल तर जवळपास ६५, पाचपैकी तीनचा असेल तर ६८. म्हणजे संघ सरस आहे हे तुमचं निदान अगदी बरोबर असलं, तरी दर तीन सामन्यांतला एक हातचा जाणार. बीजीएमआयसारख्या सोळा संघांच्या खेळात तर मैदानातलं खेळण्याजोगं वर्तुळ कुठे आवळतं यावर बरंच अवलंबून, तिथे नशिबाचा हिस्सा आणखी मोठा.

दुसरी गोष्ट म्हणजे उशीर. यूट्यूबवर दिसणारा 'लाइव्ह' सामना मुद्दाम थोडा मागे ठेवलेला असतो, नाहीतर विरोधी संघ प्रक्षेपण बघून जागा ओळखेल. त्यात आपलं नेटवर्क. पाऊस आला की टॉवर जातो, टॉवर आला की लाइट जाते. दुसरीकडे गेमच्या सर्व्हरमधून थेट माहिती विकत घेणाऱ्या कंपन्या आहेत, आणि स्पर्धेच्या सभागृहात बसलेली माणसंही आहेत. पट सुटल्यावर बैल लंगडला हे तुम्हाला शेवटी कळणार. भाव कोसळलेला दिसला की 'स्वस्तात मिळतंय' असं वाटतं, तेव्हा समोरच्याला कारण आधीच ठाऊक असतं.

तिसरी, लबाडी. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'आयबायपॉवर' या नावाजलेल्या काउंटर-स्ट्राइक संघाने सामना मुद्दाम सोडला आणि मोबदला गेममधल्या महागड्या 'स्किन्स'च्या (शस्त्रांच्या सजावटींच्या) रूपात घेतला. जानेवारी २०१५ मध्ये गेमची मालक कंपनी व्हॉल्व्हने बंदी घातली. २०२० मध्ये तर गेममधल्या एका दोषाचा गैरफायदा घेतल्याबद्दल ई-स्पोर्ट्सच्या सचोटी आयोगाने एका फटक्यात ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. मोठ्या स्पर्धांवर आता नजर असते. जिथे खेळाडूला पगार तुटपुंजा आणि प्रेक्षक शे-दोनशे, तिथे ती पातळ होते, आणि सौदे नेमके तिथेही निघतात.

"वायदेबाजार चालतो, मग हे का नाही?"

हा प्रश्न आमच्याकडे हुशार माणसं विचारतात, आणि तो रास्त आहे. सोयाबीनच्या वायद्यातही भविष्यातल्या भावावर पैसा लागतो. फरक असा की सोयाबीनवाल्याची जोखीम त्याच्या वावरात आधीच उभी असते. भाव पडला तर त्याला फटका बसणारच, वायदा तो फटका दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. दूरच्या देशातला डोटाचा सामना कोण हरतो याने वाशीमच्या माणसाचं काहीच बिघडत नव्हतं. चिठ्ठी घेतली तेव्हा जोखीम जन्माला आली.

शिवाय वायद्यांवर सेबीची देखरेख आहे, इतकी की डिसेंबर २०२१ मध्ये तिने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे ती मुदत वाढवत नेली. (तो निर्णय शेतकऱ्याच्या भल्याचा होता का, यावर मी वेगळं भांडायला तयार आहे.) याच सेबीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की ओपिनियन ट्रेडिंग आपल्या अखत्यारीत येत नाही आणि तिथे गुंतवणूकदारांना कोणतंही संरक्षण नाही. म्हणजे शेअरसारखं दिसलं तरी शेअरमागचा पोलीस तिथे उभा नाही.

"कायद्यात खेळणाऱ्याला तर शिक्षाच नाही"

बरोबर. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. पैशांची वाट करून देणाऱ्या बँका-पेमेंटवाल्यांनाही शिक्षा आहे. खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या.

पण शिक्षा नसणं आणि हक्क असणं यांत अंतर आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल, म्हणजे जिंकलेले पैसे अडकले तर कोर्टात वसुली मागता येत नाही. सट्टापट्टीवर जे छापे पडतात ते १८८७ च्या राज्याच्या जुगार कायद्याखाली, आणि तो अजून जिवंत आहे. लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी परदेशात पैसा पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत मनाई आहे.

खरा धोका मला याहून जवळचा वाटतो. बँकेतून थेट पैसा जात नाही म्हणून पोट्टे अनोळखी माणसाकडून क्रिप्टो घेतात-विकतात. विकताना खात्यावर आलेले पैसे कुठल्या तरी सायबर फसवणुकीतले निघाले, की खातं गोठतं. त्याच खात्यात कापसाचा चुकारा किंवा पीकविम्याची रक्कम यायची असते. त्याहून वाईट म्हणजे 'खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो' ही ऑफर. खातं तुमच्या नावावर, म्हणून चौकशीही तुमच्या दारात. शेजारच्या छत्तीसगडात 'महादेव' बेटिंग ॲपचं प्रकरण किती वर गेलं ते सगळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ते आणि आणखी २१ ॲपं-संकेतस्थळं बंद केली.

टेलिग्रामवरून आलेलं 'पॉलीमार्केट' खरं पॉलीमार्केट असेलच असंही नाही. नाव आणि चिन्ह उचलून केलेल्या बनावट ॲपमध्ये आधी शंभराचे दोनशे होताना दिसतात, मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा' येतं. तसं झालं असेल तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर थांबवता येण्याची शक्यता असते.

पैसे न लावता भाव वाचायचा असेल तर

बाजारातला भाव बघायला पैसे पडत नाहीत, आणि तो अंदाज म्हणून बऱ्याचदा चांगला असतो. गेम कळतो असं म्हणणाऱ्यासाठी एक जुनी मोजपट्टी आहे. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये पावसापाण्याचे अंदाज तपासायला ती मांडली. सामन्याआधी आपली टक्केवारी लिहा, समजा ०.७०. संघ जिंकला तर १ मधून ०.७० वजा करून वर्ग करा: ०.०९. हरला तर ०.७० चा वर्ग: ०.४९. प्रत्येक सामन्याचा आकडा मांडत जा आणि सरासरी काढा. कमी तितकं चांगलं. काहीच न कळणारा माणूस दर वेळी ०.५० लिहील, त्याची सरासरी बरोबर ०.२५ येईल.

वहीत तिसरा रकाना ठेवा, त्यात त्याच क्षणीचा बाजारभाव टक्केवारी म्हणून लिहा आणि त्याचाही आकडा असाच काढा. निदान पन्नासेक सामने होऊ द्या, दहा-वीस सामन्यांत कोणीही शहाणा दिसतो. तुमची सरासरी ०.२५ च्या खाली आली तर गेम थोडाफार कळतो. बाजाराच्या सरासरीच्या खाली येऊन शुल्क आणि मधला खड्डा यांच्याहीपेक्षा जास्त उरत असेल, तर ती वही घेऊन एखाद्या ई-स्पोर्ट्स संघाकडे विश्लेषकाच्या कामासाठी अर्ज करता येईल. तसे पगारी लोक संघ ठेवतात.